कंपाउंडरनं खून का केला

मी अठ्ठावीस वर्षं नाशिक रोडच्या एका शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने कपाटं आवरली. तिसऱ्या महिन्यात आवरायला काही उरलं नाही. तेव्हा मुलगी पुण्याहून आली, जुना टीव्ही भंगारात दिला आणि इंटरनेटवाला नवा लावून गेली. जाताना म्हणाली, "आई, आता तुला हवं ते बघ."

मला काय हवं ते मलाच माहीत नव्हतं. माहेरी सिनेमा बघणं म्हणजे वाया जाणं असं समजत. कॉलेजात मैत्रिणी वाचनालयात जातो असं घरी सांगून थिएटरात जायच्या. मी वाचनालयात जाते असं सांगून खरोखर वाचनालयातच जायचे. पुढे नवरा मिळाला तो अंधार झाला की झोपणारा, थिएटरातला अंधारही त्याला पुरतो. त्यामुळे लोक पंधराव्या वर्षी जे बघतात ते मी साठीला आल्यावर बघायला लागले.

गाजलेले सिनेमे मला नको होते. त्यांच्या गोष्टी बायकांनी शाळेच्या स्टाफरूममध्ये इतक्या वेळा सांगितल्या होत्या की मी ते न बघताच बघितले होते. मला ज्यांचं कोणी नाव काढत नाही ते हवे होते. असे सिनेमे कोणीतरी जुन्या कॅसेटवरून काढून इंटरनेटवर टाकतं. रंग हिरवट पडलेले असतात, खालच्या बाजूला एक रेघ थरथरत असते, आणि एखाद्या कॅसेटवर आधी दुसरं काही भरलेलं असलं तर ऐन खुनाच्या वेळी कुणाच्या तरी मुंजीचे दहा सेकंद येऊन जातात. दुपारी एक ते चार मी हे बघायचे. जेवणं झालेली, ओटा पुसलेला, खाली भाजीवाला ओरडतोय, आणि समोर भूत.

आणि तिथूनच माझा गोंधळ सुरू झाला. मला जिथे भीती वाटायला हवी तिथे वाटेना, आणि नको तिथे वाटायला लागली.

एक भुताचा सिनेमा होता. त्यातली पांढऱ्या साडीतली बाई विहिरीपाशी यायची तेव्हा तिच्या ब्लाउजला मागून लावलेली सेफ्टी पिन चमकायची. मी मोठ्यानं हसले. पण त्याच सिनेमात मध्येच एक जागा होती. सासू सुपात तांदूळ निवडत बसलेली आहे. सून येते, काही विचारते, जाते. सासू मान वर करत नाही. संगीत नाही, काही नाही, फक्त खडे ताटलीत पडल्याचा आवाज. मीही त्या वेळी तांदूळच निवडत होते. मी सूप खाली ठेवलं आणि उठून सगळ्या खोल्यांमधून एक फेरी मारून आले. सिनेमाच्या खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं, तर सगळे विहिरीबद्दलच बोलत होते. सासूबद्दल कोणी अक्षर काढलं नव्हतं. मला कळेना, हे चुकतायत की मी?

दुसरा एक विनोदी म्हणून होता. त्यात हिरो नोकरीसाठी बहिरा असल्याचं सोंग आणतो. मालक म्हातारा, त्याला वाटतं याला ऐकू येत नाही, म्हणून तो याच्यासमोर बसून मनातलं सगळं बोलून टाकतो. बायको गेल्यावर घरात कसं वाटतं, मुलाचं पत्र येत नाही, सगळं. हिरो तोंडं वेडीवाकडी करतो आणि मागे पिपाणी वाजते. लोकांनी लिहिलं होतं, हसून पोट दुखलं. मला पुढचं बघवेना. मी टीव्ही बंद करून कुकर लावला.

मग मी मतं लिहायला लागले. मराठी टाइप करायला मुलीनं शिकवलं होतं. सिनेमा संपला की खाली चार ओळी लिहायच्या आणि दहापैकी गुण द्यायचे. सवयच ती. नवरा म्हणायचा, "कोण वाचतं गं हे?" खरं म्हणजे कोणी वाचत नव्हतं. कधी एखादा अंगठा यायचा.

एक रहस्यपट मात्र माझ्या डोक्यातच बसला. चाळीसेक वर्षांपूर्वीचा असावा. एका जुन्या बंगल्यात एक श्रीमंत म्हातारा, त्याचे चार नातेवाईक, बाहेर वादळ. म्हाताऱ्याचा खून होतो. इन्स्पेक्टर येतो, दीड तास सगळ्यांना दरडावतो. पुतण्या घाबरतो, मामा खोटं बोलतो, भाची रडते. शेवटी इन्स्पेक्टर या कोणालाच न धरता दाराशी उभ्या असलेल्या कंपाउंडरचं मनगट पकडतो आणि म्हणतो, "चला." पुढच्याच दृश्यात भाचीचं लग्न आणि सनई. समाप्त.

हा कंपाउंडर त्याआधी सगळ्या सिनेमात तीनदाच दिसतो. एकदा औषधाची बाटली देऊन "सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर" म्हणतो. एकदा म्हाताऱ्याची उशी नीट करतो. एकदा व्हरांड्यात छत्री घेऊन उभा असतो. त्यानं खून का केला, याचा पत्ताच नाही. मी चिडले. पुन्हा बघितला, काही सुटलं असेल म्हणून. काहीच सुटलं नव्हतं. मी खाली लिहिलं: "उत्तर दिले आहे, रीत दाखवलेली नाही. कंपाउंडरची मिशी खोटी असून डाव्या बाजूने सुटते आहे. दहापैकी चार गुण."

आठ-दहा दिवसांनी त्याखाली उत्तर आलं. "बाई, रीत होती. ती कापली. मिशी माझी खरी होती, डोक्यावरचे केस खोटे होते. मी कंपाउंडर. हे खाते माझ्या सुनेचे आहे. मुक्काम देवळाली कॅम्प."

मी ते चारदा वाचलं. मग नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "फसवणूक असणार. आता ओटीपी मागेल."

त्यानं ओटीपी मागितला नाही. मी माझा नंबर कळवला, पण फोन आला तो त्याच्या बायकोचा. आवाज वयस्कर आणि स्पष्ट. "तुम्ही त्या गणिताच्या बाई का? मग एकदा या हो घरी. तुमचे चार गुण वाचल्यापासून हे जेवताना बोलत नाहीत."

मला इतकी शरम वाटली की त्याच आठवड्यात आम्ही दोघं सिटी बसनं कॅम्पात गेलो.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं बैठं घर होतं. काका पंच्याहत्तरीचे, उंच, काटकुळे, बँकेतून निवृत्त झालेले. मिशी आता पांढरी होती, पण तीच होती, डाव्या बाजूला किंचित वर चढलेली. त्यांनी दारातच मला मिशी ओढून दाखवली. "बघा. सुटते का?"

"नाही," मी म्हणाले. "चुकलं माझं. अर्धा गुण वाढवते."

ते हसले नाहीत. काकूंनी चहा ठेवला. तेवढ्यात लांबून तोफांच्या सरावाचे आवाज सुरू झाले आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. काकूंनी बोलता बोलता सवयीनं एका काचेवर तळवा टेकवला. काका म्हणाले, "हे ऐकलंत? सिनेमात ज्या विजा कडाडतात ना, त्या याच. बंगला इथला, कॅम्पातलाच. डायरेक्टर म्हणाला, फुकटात गडगडाट मिळतोय, घ्या."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ते तरुणपणी बँकेत कारकून होते आणि हौशी नाटकांतून काम करायचे. सिनेमावाले आले तेव्हा कंपाउंडरचं काम करायला यायचा होता तो नट आलाच नाही, म्हणून यांना घेतलं. शेवटी एक मोठा प्रसंग होता, व्हरांड्यातला. कंपाउंडर इन्स्पेक्टरला खुनाचं कारण सांगतो. सात मिनिटं एकटाच बोलतो. काकांनी ती सात मिनिटं पंधरा दिवस पाठ केली, एका दमात कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवली. युनिटच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे सिनेमा नाशिकला लागला तेव्हा त्यांनी घरचे आणि बँकेतले मिळून बावीस लोक बघायला नेले. सगळे वाट बघत बसले. इन्स्पेक्टरनं मनगट धरलं, "चला" म्हणाला, आणि सनई वाजायला लागली. बावीस लोकांपैकी निम्मे हसले. मॅनेजरसाहेब म्हणाले, "अरे, तू तर पाहुण्यासारखा आलास आणि गेलास."

"त्यानंतर मी नाटकही सोडलं," काका म्हणाले. "आणि ती सात मिनिटं मुद्दाम विसरलो. एकेक वाक्य काढून टाकलं डोक्यातून. आता तुमचं मत वाचल्यावर आठवायला बसलो, तर पहिलं वाक्य तेवढं आठवतंय. 'साहेब, आधी थोडं पाणी द्या.' पुढे कोरं. बाई, मी खून का केला, हे मलाच आठवत नाही."

त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला क्षणभर वाटलं, यांनी खरंच कुणाला तरी मारलंय. माझ्या नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला.

काकू म्हणाल्या, "लग्नाच्या पहिल्या वर्षी मला म्हणालात, बहिणीसाठी मारलं."

"मी?"

"मग थोरला झाला तेव्हा म्हणालात, चुकीचं औषध दिलं गेलं, ते लपवायला."

"मी असं कधीच म्हणालो नाही."

"म्हणालात. मी पाळणा हलवत होते."

मी पिशवीतून वही काढली. शाळा सुटली तरी वही सुटली नव्हती. आम्ही तिथेच सुनेच्या टीव्हीवर सिनेमा लावला आणि थांबवत थांबवत बघितला. कंपाउंडर म्हाताऱ्याची उशी नीट करतो तेव्हा त्याचा हात अंमळ जास्तच रेंगाळतो. मी लिहिलं, माया असावी. मग हा म्हाताऱ्याचा लपवलेला मुलगा असेल का? पण भिंतीवरच्या तसबिरीत म्हातारा ऐन तिशीत टोपी घालून उभा आहे आणि खाली जे साल लिहिलंय त्यावरून हिशेब केला, तर मुलाचं वय जुळेना. मृत्युपत्रासाठी म्हणावं तर त्यात कंपाउंडरचं नाव नाही. औषधाची चूक म्हणावी, तर इन्स्पेक्टर स्वच्छ सांगतो की विष बाहेरून आणलं होतं. मी तीन कारणं मांडली, तिन्ही खोडली. काका प्रत्येक कारणाला "हेच असेल" म्हणायचे आणि मी खोडलं की "हो, हे नसेल" म्हणायचे. संध्याकाळी बसमध्ये नवरा म्हणाला, "तो माणूस तुला विचारतोय की मी कोण आहे." मी म्हणाले, "मी त्याला कसं सांगू?"

पुढच्या भेटीत काकूंनाच आठवलं. सिनेमाचे संवाद लिहिणारे मास्तर चांदवडचे होते. ते वारले होते, पण त्यांची मुलगी तिथेच नांदते, तिच्या सासरी कांद्याचा व्यापार आहे. काकूंच्या कुणा ओळखीतून नंबर मिळाला. एका रविवारी सकाळी आम्ही चौघं आमच्या गाडीनं चांदवडला निघालो. काका पुढे बसले होते, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. वाटेत एकदा म्हणाले, "कारण अगदीच फालतू निघालं तर?"

हायवे सोडून आत वळलं की त्यांचं घर. अंगणात कांदा पसरलेला होता, बायका निवड करत बसल्या होत्या. मास्तरांची मुलगी माझ्याच वयाची, पदर खोचलेला, हात मातीचे. तिनं हात धुतले, आम्हाला सतरंजीवर बसवलं आणि आतून एक पत्र्याची पेटी ओढत आणली.

"आण्णांच्या वह्या हायेत ह्या. लय वर्षं कोणी उघडल्या नाय. तुमी त्या सिनेमातले का? मी पायला होता तो. आमच्या इथं जत्रंत तंबू लागायचा, त्यात."

काका सरसावून बसले. "मग मी आठवतो का?"

तिनं त्यांच्याकडे निरखून बघितलं. "नाय बा. त्यात तर मामाला पकडत्यात ना?"

"मामाला पकडतच नाहीत!" काका म्हणाले.

"मामालाच पकडत्यात. बेड्या घालून नेत्यात. मी रडले होते, मामा चांगला होता."

काकांचा चेहरा उतरला. मी म्हणाले, तंबूत रीळं मागेपुढे लागत असतील, दुसऱ्याच सिनेमाचं रीळ लागलं असेल. पण माझ्या आवाजात काही खात्री नव्हती. आम्ही सिनेमा टीव्हीवर पाहिला तो कुणीतरी कॅसेटवर भरलेला, हिनं पाहिला तो तंबूतला. खरा कोणता, हे कोण सांगणार?

वही सापडली. जांभळ्या शाईत, सुरेख वळणदार अक्षरात. काकांनी वही माझ्याकडे सरकवली, पानं मी उलटली. एकेक प्रसंग नंबर घालून लिहिलेला. एक्केचाळिसावा प्रसंग आला. "व्हरांडा. पाऊस. कंपाउंडर खुर्चीवर बसतो. इन्स्पेक्टर: का केलंस हे?" त्याखाली लिहिलं होतं, "कंपाउंडर" आणि पुढे दोन टिंबं.

पुढे काही नव्हतं. उरलेलं पान कोरं. मागची बाजू कोरी. समोरचं पानही कोरं. त्यानंतर प्रसंग बेचाळीस, लग्नाचा मांडव.

अंगणात कांदा टोपलीत पडत होता तेवढाच आवाज.

मास्तरांची मुलगी हळूच म्हणाली, "आण्णा जागा सोडायचे. म्हणायचे, नंतर सुचंल. मंग कधी सुचायचं, कधी नाय."

काकांनी वही माझ्या हातातून घेतली आणि उन्हाकडे धरली. "शाई उडाली असेल."

"बाकी कुठलीच उडाली नाही, काका," मी म्हणाले आणि म्हटल्यावर जीभ चावली.

"मग मी पंधरा दिवस काय पाठ केलं?"

आता मात्र काकूच बोलल्या. "पाठ करत होतात. मी साक्षीला आहे. घरभर पुटपुटत फिरायचात. माझ्या डोक्याला ताप झाला होता."

"काय पुटपुटत होतो?"

काकूंनी खूप विचार केला. खरंच आठवायचा प्रयत्न करत होत्या, ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं. "ते नाही हो सांगता येणार. मी पोळ्या करत असायचे."

येताना गाडीत काका मागे काकूंशेजारी बसले. पिंपळगाव आलं. मग ते म्हणाले, "टाळ्या वाजल्या होत्या. त्या मला स्वच्छ ऐकू येतात." काकूंनी पर्समधून आवळासुपारी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

घरी आल्यावर मला स्वतःचाच राग आला. एका म्हाताऱ्या माणसाकडे चाळीस वर्षं एक गोष्ट होती, कापून टाकलेली का होईना, पण होती. मी रीत मागायला गेले आणि ती गोष्टही काढून घेतली. त्या आठवड्यात मी एकही सिनेमा बघितला नाही. एक लावला होता, डाकबंगल्यातल्या भुताचा. पाच मिनिटांत वाटलं, या भुतालाही विचारलं की तू का मेलास, तर ते काय सांगेल? बंद केला.

दहा-बारा दिवसांनी काकूंचा फोन. "गुरुवारी दुपारी या. दोघंही या. कारण विचारू नका."

आम्ही गेलो. बैठकीतली खुर्ची पडवीत नेऊन ठेवली होती. काकांनी पांढरा सदरा घातला होता. आम्हाला तिघांना पायरीवर बसवलं आणि स्वतः खुर्चीवर बसले. म्हणाले, "बाई, विचारा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हणाले, "का केलंस हे?"

"साहेब, आधी थोडं पाणी द्या," काका म्हणाले. आणि थांबले. इतका वेळ थांबले की काकू उठायला लागल्या, खरंच पाणी आणायला. मग त्यांनी सुरुवात केली. मी जमेल तसं लिहिते, ते शब्द तंतोतंत माझ्याकडे नाहीत.

"अकरा वर्षं मी त्यांना औषध देतोय. अकरा वर्षं ते मला आधीच्या कंपाउंडरच्या नावानं हाक मारत होते. पहिल्या दिवशी मला भीड वाटली, म्हणून मी चूक दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. मग सवय झाली, साहेब. बाजारात कुणी ते नाव घेतलं की मी वळायला लागलो. घरी आई माझ्या नावानं हाक मारायची, तर ओ द्यायला वेळ लागायचा. काल संध्याकाळी मी त्यांची उशी नीट करत होतो. त्यांनी डोळे उघडले आणि माझं नाव घेतलं. माझं. आडनावासकट. मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे? म्हणाले, पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मग? म्हणाले, मला गंमत वाटायची." इथे काकांनी आमच्या तिघांकडे पाळीपाळीनं बघितलं. "गंमत वाटायची, साहेब. मग मी उशी पुन्हा नीट केली."

माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी, हे लिहायला लाज वाटते, पण मला हसू फुटलं. ते "पुन्हा नीट केली" त्यांनी इतक्या नम्रपणे म्हटलं होतं. मी पदर तोंडाला लावला. नवऱ्याकडे बघितलं, तर तो टक्क जागा आणि डोळे पाण्यानं भरलेले. एकाच पायरीवर बसून आम्ही एकच गोष्ट ऐकली होती ना?

काकू एकदम म्हणाल्या, "हेच! अहो, हेच होतं. हेच पुटपुटायचात तुम्ही!"

"नाही गं," काका म्हणाले. "हे मी परवा बसून लिहिलं. तूच चहा आणून दिलास."

"परवा तुम्ही काहीतरी खरडत होता, ते मला काय माहीत. पण उशीचं मी तेव्हा ऐकलंय. आपण गावठाणात राहत होतो तेव्हा. मी म्हटलंही होतं, काय मेलं ते उशी उशी."

"उशीचं सिनेमात आहे, म्हणून तुला वाटतंय."

"मी तो सिनेमा एकदाच, थिएटरात बघितलाय, तोही तुमच्या तोंडाकडे बघत; टीव्हीवर लावलात तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मला उशी दिसलेली नाही."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "आठवलं की सुचलं, मला आता खरंच वेगळं करता येत नाही, बाई. लिहिताना वाटत होतं, आपण हे बनवतोय. बोलताना वाटलं, हे तर पाठ आहे."

मला त्या क्षणी गणिताची बाई व्हायचं नव्हतं, पण सवय जात नाही. मी म्हणाले, "काका, सिनेमात म्हाताऱ्याला विषानं मारलंय. इन्स्पेक्टर तसं सांगतो. तुम्ही तर उशीनं मारलंत."

काका विचारात पडले. खरोखर विचारात पडले. मग म्हणाले, "इन्स्पेक्टर चुकला असेल."

सुनेनं दाराआडून मोबाइलवर ते सगळं भरून घेतलं होतं, आम्हाला कोणाला न सांगता. तिनं ते इंटरनेटवर टाकलं. फार लोकांनी बघितलं असं नाही. पण चार मतं आली. एकानं लिहिलं, "काका, लय भारी कॉमेडी." दुसऱ्यानं लिहिलं, "हे बघून आजोबांना औषध द्यायची भीती वाटायला लागली." काकांनी मला फोन करून दोन्ही वाचून दाखवली. "यातलं बरोबर कोणतं?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"दोन्ही कसं? तुमच्या गणितात चालतं का असं?"

"नाही चालत," मी कबूल केलं. मग काका म्हणाले की कॅम्पातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं तेच करून दाखवायला बोलावलंय, पण कार्यक्रमपत्रिकेत काय छापायचं म्हणून सेक्रेटरी विचारतोय. एकपात्री विनोदी की एकपात्री गंभीर? मी म्हणाले, नुसतं एकपात्री छापा.

कार्यक्रम मागच्या महिन्यात झाला, संध्याकाळी पाच वाजता, एका मंगल कार्यालयाच्या छोट्या हॉलमध्ये. काकू पहिल्या रांगेत होत्या. आम्ही तिसऱ्या. काका खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, थांबले. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, मला ते पाठ झालं होतं. मी लोकांची तोंडं बघत होते. पलीकडे दोन आजोबा हसत होते. एक बाई हनुवटीवर बोट ठेवून अगदी स्तब्ध. "आडनावासकट" म्हटल्यावर मागून कुणीतरी "अरेरे" म्हणालं आणि कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं.

माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "अहो, हे विनोदीच आहे ना? म्हणजे हसायचं ना?"

मी म्हणाले, "मलाही नक्की माहीत नाही. थांबा, पुन्हा उशी येऊ द्या."